हवेतलं पाणी, पण किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आठव्या पानावर ‘हवेतून पाणी! मराठवाड्याची तहान भागणार’ हा मथळा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. बातमीत २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांची नावं आहेत, हवेतलं बाष्प शोषून पाणी देणारा त्यांचा ‘जादुई स्पंज’ आहे, वाळवंट आहे. लिटरचा आकडा मात्र कुठेच नाही. एक किलो पदार्थ दिवसाला किती पाणी देतो, हे सांगायला एक ओळ पुरते.

चिडायला कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती, आणि एका दुकानदाराने मला हेच शब्द ऐकवले होते, ‘सर, हवेतून पाणी!’ दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. सापेक्ष आर्द्रतेचा धडा मीच त्याला शिकवला होता. मार्कही बरे पडले होते त्याला. ३५ हजार मोजून ते फ्रिजएवढं यंत्र घरी आणलं. दिवसाला २० लिटर देणार होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आत थेंब नाही, संध्याकाळी कसाबसा तांब्याचा तळ झाकला. मग माहितीपत्रकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरात होतं : ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. लातुरात मे महिन्यात ८० टक्के! आमच्याकडे तेव्हा मिठालासुद्धा पाणी सुटत नाही. सौ. म्हणाली, ‘अहो, त्यापेक्षा तुमचा घाम गोळा केला असता.’ लाइट बिल आलं तेव्हा तर तिने काहीच म्हटलं नाही, ते जास्त लागलं. आता त्या यंत्रावर पापडाचे डबे असतात.

नोबेलवाला पदार्थ या यंत्रापेक्षा वेगळा आहे, हे मला कळतं. यंत्र हवा गार करून दव पाडतं, म्हणून कोरड्या हवेत हात टेकतं. हे नवे पदार्थ म्हणजे धातूच्या अणूंचे सांधे आणि कार्बनी रेणूंच्या काड्या जोडून उभा केलेला सांगाडा, आत नुसत्या पोकळ्या. त्याला स्पंज म्हणण्यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं म्हणा. रात्री बाष्पाचे रेणू आत शिरतात, दिवसा ऊन तापलं की बाहेर पडतात, तेव्हा ते धरायचे. आम्ही वर्गात ज्वारीच्या चिपाडाच्या काड्या भेंडात खोचून रेणू करायचो. त्या तिघांपैकी रिचर्ड रॉबसन यांना १९७४ मध्ये मेलबर्नला विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घेतानाच यातली पहिली कल्पना सुचली. शाळेत वाचून दाखवावी अशी गोष्ट ही, तुमच्या बातमीत तिचा पत्ता नाही.

आता हिशेब. तिघांपैकीच ओमर याघी यांच्या गटाने २०१९ मध्ये अॅल्युमिनियमच्या अशाच एका पदार्थाची अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात चाचणी घेतली. दिवसाला किलोमागे सुमारे ०.७ लिटर पाणी मिळालं, तेही १० टक्के आर्द्रतेत. माझ्या यंत्राने तिथे हाय खाल्ली असती, म्हणजे काम खरोखरच मोठं आहे. पण टंचाईत आमचं घर दिवसाला दहा घागरींवर चालायचं, धरा १५० लिटर. त्याला या पदार्थाची दोन क्विंटलांवर पावडर लागेल. मिरजेच्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. तेवढं एका दिवसात काढायचं तर ७०० टनांवर. नुसतं पाच माणसांच्या पिण्यापुरतं म्हणाल तर ३० किलोत भागेल, अर्धं पोतं. ‘पाड्या-तांड्यांवर पिण्यापुरतं पाणी मिळू शकेल’ असं छापलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ‘मराठवाड्याची तहान’ कुणी सुचवलं?

आणि जे खरोखर आमचं होतं, ते गाळलं. याघी अम्मानमध्ये निर्वासितांच्या घरात वाढले. घरात वीज नाही, नळ नाही, माणसं आणि जनावरं एका छपराखाली. पाणी आठवड्या-पंधरवड्यातून काही तास यायचं, तेवढ्यात भरून ठेवायचं. ही ओळ लातूरच्या वाचकाला समजावून सांगावी लागली नसती. त्याऐवजी त्या बातमीच्या डोक्यावर अर्धं पान बोअरवेलची जाहिरात, ‘हमखास पाणी’! लावणाऱ्याला विनोद कळत असावा.

मुहूर्तही कसला साधलात! सप्टेंबरच्या पावसाने मांजरा नदीकाठचं सोयाबीन शेतात कुजलं, माझ्या मेहुण्याच्या शेंगांना जागेवर कोंब फुटले, आणि तुम्ही हवेतून पाणी काढताय.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तीन गोष्टी विचाराव्यात : किलोमागे किती, किती आर्द्रतेत, किती रुपयांत. संशोधक सांगतात, ते लपवत नाहीत.

जाता जाता, पेपर टाकणाऱ्या पोराला पावसाळ्यापुरत्या प्लास्टिकच्या पिशव्या तरी द्या. कालचा अंक ओला आला. आठवं पान पंख्याखाली धरून वाळवलं, मगच हे सगळं वाचता आलं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, लातूर