बदलीचं पत्र आलं, आई-बाबा

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

बिशपसाहेबांचं बदलीचं पत्र आलं. मे महिन्यात पार्सनेज, पाळक म्हणून मला मिळालेलं हे घर, सोडायचं आहे. परवा फोनवर बाबा म्हणाले, "आमच्या वेळचं आता तुमच्या काय उपयोगाचं?" फोनवर उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. नगर जिल्ह्यात मात्र ते एक होणं तुमच्यासारख्या नव्या पाळकांच्या गळ्यात पडलं. अमेरिकन मिशनची माणसं बाकावर बसून लहान पेल्यांतून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घेणारी, एसपीजी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनची वेदीपुढे गुडघे टेकून एकाच प्याल्यातून. नव्या चर्चच्या घटनेत बाप्तिस्म्याच्यासुद्धा दोन्ही रीती मान्य झाल्या होत्या, पण गावात घटना वाचतं कोण? तुम्ही निवाडा दिलाच नाही. एका महिन्यात एक रीत, पुढच्या महिन्यात दुसरी. आणि दर वेळी आदल्या दिवशी सायकल काढून म्हाताऱ्या सभासदांच्या घरी जायचं, उद्या कसं घेणार आहोत ते ओट्यावर बसून सांगायचं, त्यांचा राग ऐकून घ्यायचा. आई अजून सांगते, त्या शनिवारी तुमचं जेवण कधीच वेळेवर झालं नाही.

माझ्या मंडळीत तीच वेळ ड्रमवरून आली. तरुण संघाला नवी गाणी हवी होती, वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावरची भजनं. कमिटीत मतदान घ्या, असं सगळे म्हणत होते. मी आधी घरं गाठली. तेव्हा कळलं, की एक आजोबा तरुणपणापासून पेटी वाजवत आलेले, आणि त्यांना न विचारताच ती उचलून मागच्या खोलीत ठेवली होती. पेटी जागेवर आली, निम्मा वाद तिथेच मिटला. उरलेला अजून चालू आहे. चालू दे.

दानार्पणाची थैली तुम्ही कधी हातात घेतली नाही; दोन सभासदांनी मोजायची, खजिनदाराने लिहायची. मीही तेच करते आणि शांत झोपते.

आई, आता तुझ्याबद्दल. बायबलात निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसतो आणि सासरा इथ्रो सांगतो, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आपल्या घरात इथ्रोचं काम तू केलंस. दुखवट्याच्या घरी जायच्या पाळ्या तू महिला मंडळात लावून दिल्यास. "मातीला सगळं गाव जातं, आपण पाहुणे परतल्यावर जायचं," हे तुझं वाक्य. मी ते पाळते. दहा-बारा दिवसांनी गेलं की घरातली बाई चहा टाकते आणि मग खरं बोलायला लागते. त्या दिवशी मी शास्त्र फार वाचत नाही, ऐकते.

आणि एवढ्या सेवेबद्दल वार्षिक अहवालात काय, तर 'पाळकांच्या पत्नीचे सहकार्य लाभले' एवढी एक ओळ. मला हे अजून बोचतं. मंडळी तुम्ही दोघांनी चालवली, नाव एकाचं झालं. बाबा, तुम्हालाही हे मान्य आहे, ठाऊक आहे मला.

राहिला निरोप. निवृत्तीनंतर जुन्या मंडळीतून लग्न लावायला बोलावणं आलं की तुम्ही पहिलं विचारायचात, "तुमच्या पाळकांनी सांगितलंय का?" लोक दुखावले, काही तर बोलेनासे झाले. नव्या पाळकाला तिथे रुजता यावं म्हणून तुम्ही ते सोसलंत. प्रेषित पेत्राने मंडळीच्या वडीलजनांना लिहिलंय ना, कळपावर धनीपण करू नका. ते पाळकपदावर असताना पाळणं सोपं, उतरल्यावर अवघड. आत्ताच इथल्या एक आजी म्हणतात, माझ्या मातीला तूच ये. त्यांना नाही म्हणताना घसा दाटतो, तरी म्हणते, नवे पाळक बोलावतील तर नक्की येईन.

बाबा, एक अडलंय. शेवटच्या रविवारी प्रभुभोजन ठेवू की आदल्या रविवारीच उरकू? निरोप आणि प्रभुभोजन एका दिवशी आलं, तर लोकांचं लक्ष प्रभूऐवजी माझ्याकडे जाईल अशी भीती वाटते. कमिटीचं मत वेगळं आहे. तुमचं काय ते सविस्तर लिहा. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी आल्यावरचीच घ्या; आईला एकटीला धावपळ नको.

तुमची लेक