पाणी म्हणजे दूध नव्हे

महोदय,
पावसाळा आला की डोंगर-धबधब्यांचे फोटो छापून येतात, आणि पाहावे तिकडे पाणी दुधासारखे! पंधरा-वीस सेकंद शटर उघडे ठेवले की चांगल्या खळाळत्या ओढ्याची साय होते.

गेल्या सप्टेंबरात मार्गासनीजवळ गुंजवणीच्या काठी ट्रायपॉड रोवून बसलो होतो. मागे राजगड, बालेकिल्ला ढगात. शटर आठ सेकंदांवरून कमी करत आणले. पाव सेकंदाला दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्याच्या बटा सुट्या दिसू लागल्या. पोलरायझर फिरवला तशी ओल्या काळ्या बेसाल्टवरची चकाकी गेली, तळाचे तांबूस गोटे वर आले. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे ढगाळ सकाळी वेगळा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर, लागत नाही. कॅमेरा मात्र गुडघ्याच्याही खाली हवा. उभ्याने काढला तर नदीचा नाला होतो. (सौ.ने छत्री धरली होती. कॅमेऱ्यावर, माझ्यावर नाही.)

विनंती एवढीच, की फोटोखाली शटरचा वेग छापावा. नवशिक्यांना त्यातून कळते. आणि प्रवाहाच्या मधोमध उभे राहून काढलेले फोटो कौतुकाने छापू नयेत. वर डोंगरात सर पडली की खाली पाणी आधी गढूळ होते, मग चढते. गढूळ झाल्याचे मला उशिरा दिसले. मी निघालो, ट्रायपॉड तिथेच राहिला.

– एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे