पुरावा पुसला गेला आणि तक्रार निकाली निघाली: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी मला एका कंपनीकडून दोन ओळींचे उत्तर आले. मी कळवलेला मजकूर त्यांना आढळला नाही, म्हणून कारवाई करता येत नाही, आणि तक्रार बंद केली आहे. हे उत्तर यायला २३ दिवस लागले. ज्या मजकुराने माझी झोप उडवली तो त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही, म्हणून हे पत्र आपल्याला, सर्वांसमक्ष, लिहीत आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्यांचा, याच कंपनीच्या ॲपवर, एक चर्चेचा सर्व्हर, म्हणजे गट, आहे. आई झोपली की रात्री तिथे जाऊन चार शब्द बोलायचे, एवढाच माझा विसावा होता. एके रात्री एका अनोळखी खात्यावरून माझ्या मेसेजखाली घाणेरडे लिहिणे सुरू झाले आणि ते सहा रात्री चालले. मी वहीत ४१ मेसेज मोजले. मोजण्यात एखाददुसरी चूक असेल, कारण हात थरथरत होता. पाचव्या रात्री शिव्या थांबल्या आणि हे आले: 'आईसारखीच तूही एक दिवस स्वतःचे नाव विसरशील. तेव्हा दाराला कडी कोण लावणार? आम्ही वाट बघतोय.'

या वाक्यांत एकही अपशब्द नाही. तक्रार करण्याआधी मी ती ॲपवरचे बटण दाबून रिपोर्ट केली, तेव्हा तासाभरातच नियमभंग आढळला नसल्याचे ठरावीक उत्तर आले. त्या टोकाला मराठी वाचणारा एक जरी माणूस बसलेला असता, तर असे उत्तर आलेच नसते, हे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर जे झाले ते आपण नीट समजून घ्यावे, कारण खरे दुखणे तिथेच आहे. सर्व्हरचा मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारा, स्वतःचा वेळ देऊन हे काम करणारा भला माणूस आहे. माझा निरोप वाचताच त्याने ते खाते बॅन केले आणि बॅन करताना समोर येणारा, मागील सात दिवसांचे मेसेजही काढून टाकण्याचा पर्याय निवडला. बाकीच्यांच्या नजरेस ती घाण पडू नये, एवढाच त्याचा हेतू होता. पण त्या एका क्लिकसरशी सगळे मेसेज नाहीसे झाले आणि त्यांच्याबरोबर माझा पुरावाही गेला. मी जपून ठेवलेली एकही लिंक आता उघडत नाही. स्क्रीनशॉट कंपनी ग्राह्य धरत नाही, कारण ते बनावट असू शकतात. म्हणजे न्याय हवा असेल, तर बाईने स्वतःची विटंबना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तशीच राहू द्यावी, आणि ती नजरेआड करायची असेल, तर न्यायाची आशा सोडावी. मी यांपैकी काय निवडायला हवे होते, हे मला कोणी सांगेल का?

अशा कंपन्यांसाठीचे आपल्या खात्याचे २०२१ चे नियम मी आता जवळजवळ पाठ केले आहेत. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. तक्रारीवरून मजकूर हटवला, तर तो तपासासाठी १८० दिवस जपून ठेवावा, असेही त्यांत आहे. पण हे बंधन कंपनीने मजकूर हटवला तर लागू होते. मॉडरेटरने हटवला, किंवा लिहिणाऱ्यानेच लिहून पाच मिनिटांत पुसून टाकला, तर काय, याविषयी नियमात अवाक्षर नाही. छळणाऱ्याला ही फट ठाऊक असते. नियम लिहिणाऱ्यांना ती कशी दिसली नाही? जानेवारी २०२३ मध्ये आपण तीन अपील समित्या नेमल्या. मी अपील करीनही, पण समितीपुढे ठेवू काय? न उघडणाऱ्या ४१ लिंक?

पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो, 'मेसेज दाखवा.' दुसरा, 'ब्लॉक का नाही केले?' निनावी राहून धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, हे मीच त्यांना सांगितले. मग स्क्रीनशॉटसाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे ते अस्सल असल्याचे, प्रमाणपत्र हवे, असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले. पोलीस राज्याचे, सायबर गुन्ह्यांचे पोर्टल गृह मंत्रालयाचे, नियम आपले आणि कंपनी परदेशी. या चौघांच्या दारांत मी तीन आठवडे फिरले, आणि प्रत्येकाने पुढचे दार दाखवले. 'खुले, सुरक्षित, विश्वासार्ह आणि उत्तरदायी इंटरनेट' हे आपल्याच खात्याचे शब्द आहेत. यातले उत्तरदायी कोण, ते नावानिशी सांगावे.

मला माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ परत नको आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्ये रद्द केले ते योग्यच झाले. टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकण्यासाठी ते वापरले गेले होते. माझी मागणी त्याहून फार लहान आहे. रिपोर्टचे बटण दाबले त्या क्षणी त्या मेसेजची प्रत, वेळ आणि पाठवणाऱ्याचा युजर आयडी कंपनीकडे गोठवला जावा, मग तो मेसेज पुढे कोणीही पुसो. त्याची प्रमाणित प्रत तक्रारदाराला मिळावी. आणि मराठीतली तक्रार मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बंद होऊ नये.

आता मी त्या सर्व्हरवर जात नाही. रात्री तीनदा उठून कडी पाहते. आई विचारते, कोण येणार आहे? मी कोणी नाही म्हणते. ती विसरते आणि पुन्हा तेच विचारते.

ते खाते अजून चालू आहे. फक्त आमच्या सर्व्हरवरून ते गेले आहे. कालच दुसऱ्या एका सर्व्हरवर दिसल्याचे एका मैत्रिणीने कळवले. त्याचा अठरा आकडी आयडी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. आपल्या कार्यालयातून विचारणा झाली, तर त्याच दिवशी देईन.

आपली,
एक तक्रारदार नागरिक