काटा आमच्याकडे फिरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला जर्मनीतल्या कामगारांवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती. दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, हे कळलं, आभार. (मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत भागधारकांच्या पारड्यात जातं, हे लेखकमहाशय विसरले, ते असो.) पण शेवटी 'आपल्याकडे ती संस्कृतीच नाही' असं लिहून त्यांनी हात झटकले, तिथे माझं डोकं सणकलं.

मी बोटीवर होतो. झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, डेकवर आम्ही राजापूर-देवगडकडची पोरं. पगार कित्येक महिने थकलेला. हॅम्बुर्गला लागलो तेव्हा आयटीएफ, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा निरीक्षक वर आला. सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, ओव्हरटाइमची वही त्याच्यापुढे ठेवली. बोट सुटायच्या आत कॅप्टनने मेसमध्ये टेबल टाकून रोख पैसे मोजले. आम्ही तेव्हाही कोकणीच होतो हो! संस्कृती काही त्या धक्क्यावर अंगात शिरली नव्हती. बोट अडकून पडेल ही भीती मालकाला होती, एवढंच.

आता माझी सून इथल्या एका मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जाते. किलोवर पैसे. काटा ठेकेदाराच्या टेबलावर, आकडा त्याच्याकडे वळवलेला. 'दादा, काटा जरा इकडे फिरवा,' एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेटवर, 'तुला आज काम नाही.' पुढे कितीतरी दिवस तेच. शेवटी शेजारणीने शब्द टाकला तेव्हा परत घेतलं. आता ती काट्याकडे बघतसुद्धा नाही. बर्फाने बोटांची सालं गेलेली असतात, त्यावर खोबरेल चोळत मला सांगते, 'आबा, पेपरात काही लिहू नका हां.' लिहितोय.

जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी त्यांना आपली समिती निवडता येते. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार बोटीवर पाच खलाशी असले की सुरक्षा समिती हवीच, आणि तो करार भारताने २०१५ साली मान्य केलाय. जमिनीवर मात्र कामगार-मालकांच्या समितीला शंभर माणसं लागतात, तीही सरकारने आदेश काढला तर. सुनेच्या कारखान्यात बायका शंभरावर आहेत, पण वेगवेगळ्या ठेकेदारांच्या वह्यांत वाटलेल्या. मोजा आता शंभर! नव्या श्रमसंहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आहे. काटेवाल्याने सुनेला चौदा मिनिटांचीही दिली नव्हती.

निम्म्या जागांचा तो जर्मन कायदा १९७६ चा. कामगारांना व्यवस्थापनात सहभाग देण्याचं कलम ४३-अ आपल्या घटनेत आलं तेही १९७६ सालीच. त्यांनी जागा दिल्या, आपण कलम जपून ठेवलं. यात कोळंबी सोलणाऱ्या बाईची संस्कृती कुठे आडवी आली, ते लेखकमहाशयांनी सांगावं. पुढच्या लेखाआधी त्यांना पहाटे त्या गेटवर जरूर पाठवा, चहा माझ्याकडे.

आणि हो, शेवटच्या पानावरच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून तिथे राशिभविष्य वाढवलंत, ते कोणाच्या सांगण्यावरून? वृश्चिकेला धनलाभ आहे एवढ्यावर खाडीतून होडी बाहेर काढता येत नाही.

– एक निवृत्त खलाशी, काळबादेवी (रत्नागिरी)