आमचा मोर कोणत्या क्षेत्रात?

महोदय,

कालच्या पुरवणीतला तो लेख वाचला. लेखक विद्वान आहेत, त्याबद्दल वाद नाही. शेतीतून उद्योगात, उद्योगातून सेवा क्षेत्रात आणि तिथून ज्ञानक्षेत्रात जाणं म्हणजे प्रगती, असं ते म्हणतात. सोलापूरने आता माग सोडून माउस धरावा, हा त्यांचा सल्लाही प्रेमाचाच असणार. फक्त माग सोडायला तो आधी चालू असावा लागतो, एवढंच.

देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा सेवा क्षेत्राचा, हे खरं. पण काम करणाऱ्या दहांपैकी जेमतेम 3 जण तिथे आहेत आणि 40 टक्क्यांहून जास्त माणसं अजून शेतीत आहेत, हे लेखात कुठेच नाही. इंग्लंड-अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांत राबल्या, मग लोक कचेऱ्यांत गेले. आपल्याकडे कारखानदारीचा वाटा 17-18 टक्क्यांच्या पुढे कधी फारसा सरकलाच नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या आमच्या कापडगिरण्या बंद पडल्या तेव्हा शहराच्या पूर्व भागातलं, म्हणजे आम्हा विणकरांच्या वस्तीतलं, कोणी उठून 'ज्ञानाकडे' गेलं नाही. पुरुषांनी मिळेल त्या यंत्रमागावर काम धरलं, बायका विड्या वळत राहिल्या.

आणि ज्ञान म्हणाल, तर माझ्या मामांचं ऐका. ते जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं मारायचे. आधी चौकटीच्या कागदावर चादरीचा मोर काढायचा, एकेक घर रंगवायचं. मग ओळ वाचत वाचत पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तेवढेच धागे वर उचलले जातात. एक भोक चुकलं की मोराच्या मानेवर रेघ, आणि मग प्रत्येक चादरीत तीच रेघ. मालक कापड घेऊन धावत यायचा. मामा चष्मा कपाळावर सरकवून कापडावर बोट फिरवायचे आणि दोरीत ओवलेल्या त्या लांबलचक माळेतून नेमकं चुकीचं कार्ड काढून हातात द्यायचे. शिक्षण सातवी नापास. पूर्वी संगणकालाही भोकं पाडलेल्या कार्डांवरूनच माहिती भरवायचे, हे लेखकमहाशयांना ठाऊक असेलच. मग मामा ज्ञानक्षेत्रात होते की उद्योगात? हयातीत त्यांना 'कामगार' यापलीकडे कोणी काही म्हटलं नाही. 2005 साली चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ही सोलापूरचीच असा सरकारी शिक्का, मिळालं, सत्कार झाले, पण मोर काढणारे त्यात कुठे दिसले नाहीत. बाजारात मात्र बाहेरगावची चादर सोलापूरचं लेबल लावून आजही खुशाल विकली जाते.

माझा धाकटा मुलगा माझ्याच शेजारच्या मागावर होता. कारखाना बंद झाला, माग किलोच्या भावाने भंगारात गेले. आता तो पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन लोकांना बिर्याणी पोहोचवतो. ना पीएफ, ना सुट्टी, पेट्रोल स्वतःचं. पण आकडेवारीत तो उद्योगातून सेवा क्षेत्रात गेला, म्हणजे पुढारलाच की! तोच प्रकार कारखान्याच्या राखणदाराचा. मालकाच्या मस्टरवर होता तोवर त्याची गणती उद्योगात. ठेकेदाराकडे गेला तसा तो सेवा क्षेत्रात. फाटक तेच, काठी तीच, पगार तेवढा कमी. असल्या बदल्यांना लेखकांनी 'संक्रमण' असं भारदस्त नाव दिलं आहे.

सोलापुरात आयटी पार्क होत असेल तर जरूर होऊ द्या. हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जाणारी आमची पोरं घरी जेवतील. तिथे पाणी रोज देणार की आमच्यासारखं चार-पाच दिवसांआड, तेवढं महापालिकेला विचारून छापा.

जाता जाता एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'सोलापुरातील यंत्रमाग' असं छापलंय. फोटोतला माणूस खड्ड्यात पाय सोडून, दोरी ओढून धोटा फेकतोय. तो हातमाग आहे, साहेब. यंत्रमागावर बसायला मिळत नाही, पाळीभर उभं राहावं लागतं. विश्वास नसेल तर साखर पेठेत येऊन आमचे गुडघे बघून जा.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
साखर पेठ, सोलापूर