साताऱ्याच्या पेठांतील छोट्या संग्रहांसाठी नागरिकांना आवाहन

सातारा शहरातील आणि नोकरी-व्यवसायानिमित्त परगावी राहणाऱ्या सर्व सातारकरांस सप्रेम नमस्कार. पेठांतील घरे, देवस्थाने आणि तालमी यांत जपलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करण्याचे काम आमचे मंडळ हाती घेत आहे, त्यासाठी हे आवाहन.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, आणि ती पाहण्यासाठी दूरदूरच्या गावांहून लोक आले. याचा आम्हा पेठकरांना आनंदच झाला. मात्र बाहेरून आलेला पाहुणा बसस्थानकाजवळचे ते एक संग्रहालय पाहून कासच्या किंवा सज्जनगडाच्या वाटेला लागतो आणि पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या जुन्या वस्तीत पाहण्यासारखे काय आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. खरे तर ते आपल्यापैकी पुष्कळांनाही सांगता येणार नाही.

राजवाड्यालगतच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश झाला. रजिस्टरमधील १९१४ या क्रमांकाची ती नोंद शाळेने जपून ठेवली असून, तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नगरवाचनालयाची स्थापना १८५२ सालची, म्हणजे सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर चारच वर्षांनी झालेली आहे. रयत शिक्षण संस्थेने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणे. याखेरीज जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवस्थानांच्या कोठीत आणि तालमींच्या भिंतींवर जे आहे, त्याला संग्रहालय म्हणावे की नाही यावर आमच्या मंडळातही मतभेद झाले. आमचे मत असे की, जेथे जुनी वस्तू कोणीतरी जाणीवपूर्वक सांभाळली आहे आणि विचारणाऱ्याला ती दाखवण्याची तयारी आहे, ते संग्रहालयच होय. मग तेथे फलक असो वा नसो.

नोंदीचे हे काम आताच का हाती घ्यावे, याचे उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांनी आयुष्यभर खपून जुनी कागदपत्रे, चित्रे आणि वस्तू साताऱ्यात जमवल्या. मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर अभ्यासकांच्या हाती आले ते मुख्यतः त्यांच्या खटपटीमुळे. या संचयातून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. मात्र पारसनीसांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. तेथे तो नीट सांभाळला गेला आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडला, याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. किंबहुना तो येथेच राहता तर त्याचे काय झाले असते, याची खात्री देणे कठीण आहे. तथापि ज्या गावात तो जमला, त्या गावातील मुलांना तो पाहण्यासाठी आज पुण्याला जावे लागते. याच जिल्ह्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारले आणि तो संग्रह आजही औंधातच, डोंगरावर आहे, ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

मंडळाला नवी इमारत बांधायची नाही आणि कोणाची वस्तू ताब्यातही घ्यायची नाही. वस्तू जिथे आहे तिथेच राहील, मालकी ज्याची आहे त्याचीच राहील. आम्हाला करायची आहे ती केवळ नोंद. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, लांबी-रुंदी, ती कशाची बनली आहे, घरात कोणाकडून आली, तिच्याविषयी घरातील वडीलधारे काय सांगतात आणि तिची सध्याची अवस्था कशी आहे, एवढे एका पानावर लिहून त्याची एक प्रत मालकाकडे राहील. वस्तूपेक्षा तिची हकीकत आधी नाहीशी होते, असा अनुभव पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहताना अनेकांनी घेतला आहे. तलवार पुतण्याकडे जाते, पण ती कोणत्या घराण्याची हे सांगणारी आजी तोवर गेलेली असते.

मंडळाला सर्वांत निकड आहे ती माणसांची. मोडी वाचू शकणारे, छायाचित्रे काढणारे, सुवाच्य अक्षर असलेले निवृत्त शिक्षक आणि सुटीत थोडा वेळ देऊ शकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी आपली नावे द्यावीत. मोडी न येणाऱ्यांसाठी प्राथमिक वर्ग घेण्याचाही विचार आहे.

आर्थिक मदत जतनाच्या साहित्यासाठी हवी आहे. साताऱ्याच्या पावसाळ्यात दमट हवेने कागदाला बुरशी धरते, कसर लागते आणि माळ्यावरच्या पेटीला वाळवी पोखरते. त्यासाठी आम्लमुक्त कागदाची पाकिटे व पेट्या, दप्तरे बांधण्यासाठी स्वच्छ सुती रुमाल, ओलावा शोषणारी सिलिका जेल आणि प्रत्येक ठिकाणी लावण्यासाठी मराठी माहितीपट्ट्या घ्यावयाच्या आहेत. देणगीची रक्कम ठरवलेली नाही. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब मंडळाच्या कार्यालयातील फलकावर दर महिन्यास लावला जाईल.

नोंद होईपर्यंत एक विनंती मात्र आवर्जून करावीशी वाटते. जुना कागद लॅमिनेट करू नये; एकदा चिकटलेले प्लॅस्टिक कागदाला इजा न करता निघत नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तांब्याची नाणी आणि ताम्रपट चिंचेने किंवा पावडरने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्या घासण्यात वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरेही झिजतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुन्या कागदांना, १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. तेव्हा एखाद्या व्यापाऱ्याने दारात येऊन किंमत सांगितली तर व्यवहार करण्यापूर्वी चौकशी करावी.

ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती कार्यालयात आणण्याची तसदी घेऊ नये. संध्याकाळी कार्यालयात येऊन नाव, पेठ आणि सोयीची वेळ तेवढी लिहून ठेवावी. कार्यकर्ते आपल्या घरी येऊन, घरातील ज्येष्ठांसमक्ष नोंद करतील.

आपले नम्र,
मंडळाचे अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद
सातारा