भाड्याच्या इमारतीची किंमत भाड्यावरूनच ठरावी

मा. संपादक,
स. न.

निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम भाड्याच्या लहानशा इमारतीत गुंतवावी, असा विचार नागपुरातील अनेक कुटुंबांत होतो. मीही वर्षभरात प्रतापनगर, मनीषनगर आणि बेसा परिसरात काही इमारती पाहिल्या. सगळीकडे चौरस फुटाचा भाव आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, यांचीच चर्चा झाली. रेडी रेकनर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. इमारतीतून वर्षाकाठी किती उरते, हे त्यावरून कळत नाही.

एका सहा फ्लॅटच्या इमारतीचे दरमहा ९,००० प्रमाणे वार्षिक भाडे ६,४८,००० रुपये होते आणि तेवढाच आकडा पुढे करून दीड कोटी मागितले जात होते. प्रत्येक फ्लॅट वर्षातून महिनाभर रिकामा राहील असे धरून मी ५४,००० वजा केले. मालमत्ता कर, जिन्यातले दिवे, पंपाचे वीजबिल व सफाई यांचे ६०,००० आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग, रंगकाम व नळदुरुस्तीसाठी ८४,००० बाजूला काढल्यावर साडेचार लाखच उरले. दीड कोटींवर हे जेमतेम ३ टक्के झाले, तेही मुद्रांक शुल्क न धरता. ५ टक्के हवे असतील, तर त्या इमारतीचे ९० लाखच होतात. पुढे जमिनीचा भाव वाढेल, हे म्हणणे खोटे नाही. मात्र त्या आशेपोटी किती जास्त मोजायचे, हे खरेदीदाराने वेगळे ठरवावे.

सांगितलेले भाडे खरे आहे का, हे नोंदणीकृत भाडेकरार आणि बँकेतील जमा पाहूनच मानावे. जुना संरक्षित भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार वर्षाला साधारण ४ टक्केच वाढ मिळते, त्यामुळे तेथे बाजारभावाचे भाडे धरून किंमत काढणे चुकीचे आहे. आखीव पत्रिका (मालकीची नोंद असलेला सरकारी उतारा) आणि मंजूर नकाशा तर पाहावाच. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तळमजल्यात पाणी शिरले होते का, हे शेजाऱ्यांना विचारावे.

आपल्या दैनिकात मालमत्तांचे विक्रीदर येतात, त्यांच्या शेजारी त्या-त्या वस्तीतील प्रचलित भाडीही छापावीत, म्हणजे बयाणा देण्यापूर्वी सामान्य माणसाला हा हिशेब घरीच मांडता येईल.

आपला,
एक निवृत्त वाचक, नागपूर